कलावंतांचा कलावंत : रॉनी लेन आणि उशिरा उमगलेले गाणे
(द्वितीय वर्ष, कला)

वादकाला दाद कुणाची हवी असते? समोर जमलेल्या गर्दीची, की शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या वादकाची? हा प्रश्न मला पुस्तकात भेटला नाही, घरात भेटला. माझे वडील वीस-बावीस वर्षे लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवीत असत. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वाजविणे मात्र आजोबांपासून चालत आलेले. लग्नसराईत एकाच गावात दोन परण्या निघत, तेव्हा दुसऱ्या बँडमधले वादक आपले वाजविणे आटोपून वडिलांचे क्लॅरोनेट ऐकायला येऊन उभे राहत. हे मी लहानपणी पुष्कळदा पाहिले आहे. सुपाऱ्या मात्र त्या दुसऱ्या बँडलाच अधिक मिळत. पुढे डीजे आला, बँड मोडला आणि वडील नेप्तीच्या कांदा मार्केटमध्ये हमालीला जाऊ लागले. "त्या लोकांनी एवढं कौतुक केलं, त्याचा उपयोग काय झाला?" असे मी एकदा त्यांना विचारले. ते काही बोलले नाहीत. क्लॅरोनेटची पेटी त्यांनी माळ्यावर ठेवून दिली.

या प्रश्नाचा धागा मला पुन्हा सापडला तो आपल्याच नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. दौंड रस्त्यावर अरणगावला मेहेराबाद आहे. मेहेरबाबांचे देहावसान ३१ जानेवारी १९६९ रोजी झाले. दरवर्षी त्या दिवशी तेथे देशोदेशीचे लोक येतात. त्या गर्दीच्या दिवसांत मी चुलत्यांच्या चहाच्या टपरीवर हाताखाली असतो. दोन वर्षांपूर्वी एक वृद्ध इंग्रज पाहुणे बाकावर बसून मोबाईलवर हळू आवाजात गाणे ऐकत होते. माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी गायकाचे नाव विचारले. 'रॉनी लेन' असे त्यांनी सांगितले, आणि पुढे हसून म्हणाले की, याला लोकांपेक्षा वादकच जास्त ओळखतात. हे वाक्य ऐकताच मला वडील आठवले. प्रस्तुत लेखाचा आरंभ त्या बाकावर झाला.

रॉक संगीत आणि आपला जिल्हा यांचा संबंध ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. 'द हू' या प्रख्यात इंग्लिश बँडचा गीतकार आणि गिटारवादक पीट टाउन्शेंड हा १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मेहेरबाबांचा अनुयायी झाला. १९७१ च्या 'हूज नेक्स्ट' या तबकडीतील 'बाबा ओ'रायली' या गाण्याच्या नावातील 'बाबा' म्हणजे मेहेरबाबा, आणि 'रायली' म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. १९७२ मध्ये टाउन्शेंड मेहेराबादला येऊनही गेला. ज्यांनी १० जुलै १९२५ पासून अखेरपर्यंत मौन पाळले, त्यांचे नाव जगातल्या सर्वांत मोठ्या आवाजाच्या एका बँडने घ्यावे, हा योग विलक्षणच! याच वाटेवर टाउन्शेंडचा जो सोबती होता, तो रॉनी लेन.

रॉनी लेनचा जन्म १ एप्रिल १९४६ रोजी लंडनच्या पूर्व भागातील प्लेस्टो या कामगारवस्तीत झाला. १९६५ मध्ये स्टीव्ह मॅरियट आणि केनी जोन्स यांच्यासह त्याने 'स्मॉल फेसेस' हा बँड उभा केला. लेन बेस गिटार वाजवी आणि मॅरियटच्या जोडीने गाणी रची. 'इचिकू पार्क' (१९६७) हे त्या जोडीचे गाजलेले गाणे. १९६९ मध्ये मॅरियट बाहेर पडला. रॉड स्ट्युअर्ट आणि रॉन वुड आत आले आणि बँडचे नाव नुसते 'फेसेस' झाले. हा बँड ऐन भरात असताना, १९७३ मध्ये, लेन त्यातून बाहेर पडला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. दोन्ही बँडमध्ये पुढे उभा राहून गाणारा मुख्यतः दुसराच होता : आधी मॅरियट, मग स्ट्युअर्ट. लेनची पुष्कळ गाणी लोकांपर्यंत पोचली ती दुसऱ्याच्या गळ्यातून. १९७३ चे 'ऊ ला ला' हे गाणे त्याने रॉन वुडसह रचले, पण तबकडीवर ते गायले वुडने. लग्नाच्या बँडमध्येही लोक ओळखतात मास्तरला. मागच्या रांगेत कोण वाजवतो हे फक्त वाजविणाऱ्यालाच कळते.

बाहेर पडल्यावर लेनने इंग्लंड-वेल्सच्या सीमेवर शेती घेतली आणि 'स्लिम चान्स' नावाचा स्वतःचा बँड काढला. त्यात विजेच्या गिटारीच्या गडगडाटापेक्षा मेंडोलिन, अकॉर्डियन आणि व्हायोलिन यांचा साधा सूर अधिक होता. १९७४ मध्ये त्याने 'द पासिंग शो' नावाचा फिरता खेळ काढला. सर्कशीचा तंबू, जुन्या गाड्यांचा तांडा, गाणाऱ्यांबरोबर विदूषक, आणि मुक्काम गावोगाव.

आपल्या जिल्ह्यातील वाचकाला हे चित्र परके वाटणार नाही. संगमनेरच्या कांताबाई सातारकर आणि त्यांचे चिरंजीव रघुवीर खेडकर यांचा फड याच रीतीने गावोगाव तंबू ठोकीत फिरला. कांताबाई २०२१ मध्ये निवर्तल्या. सुपारीचा खेळ आणि तिकिटाचा खेळ यांतला फरक आपल्याकडे पोरालाही ठाऊक असतो. सुपारीत इसार आधी हातात पडतो. तिकिटावरच्या खेळात पाऊस आला की मालक बुडाला. लेनचा खेळ तिकिटाचा होता. पाऊस लागला, प्रेक्षक फिरकले नाहीत, खर्च भागेना. तो पैशाने खचला आणि दौरा अर्ध्यावर मोडला.

आता दुसरी बाजू पाहू. लेनने एका अमेरिकन कॅरव्हॅनमध्ये फिरता ध्वनिमुद्रण स्टुडिओ उभारला होता. इतर बँड तो भाड्याने नेत. लेड झेपेलिनच्या 'फिजिकल ग्राफिटी' (१९७५) या प्रचंड खपलेल्या तबकडीचे बरेचसे काम त्याच गाडीत झाले. म्हणजे त्याच्या यंत्रावर दुसऱ्यांनी अमाप पैसा कमावला, आणि त्याच्या स्वतःच्या तबकड्या दुकानात पडून राहिल्या. तथापि वादकांनी त्याला सोडले नाही. १९७७ मध्ये टाउन्शेंड आणि लेन यांनी मिळून 'रफ मिक्स' ही तबकडी काढली. तिच्यात एरिक क्लॅप्टनने गिटार वाजविली आणि रोलिंग स्टोन्सच्या चार्ली वॉट्सने ड्रम. ही सारी आपापल्या ठिकाणी शिखरावर असलेली माणसे. त्यांनी या कर्जबाजारी मित्राच्या गाण्यामागे बसून साथ केली.

त्याच सुमारास लेनला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा दुर्धर आजार जडला. त्याच्या आईलाही तोच होता. बोटे तारेवर चालेनाशी झाली. तेव्हा सप्टेंबर १९८३ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये या रोगावरील कार्यासाठी मैफल झाली. क्लॅप्टन, जेफ बेक आणि जिमी पेज हे तिघेही पूर्वी निरनिराळ्या वेळी 'यार्डबर्ड्स' या बँडमध्ये वाजवून गेलेले. पण एका मंचावर एकत्र आले ते या मैफलीत. शेवटी लेन स्वतः मंचावर येऊन गायला. पुढे तो अमेरिकेत राहिला आणि ४ जून १९९७ रोजी कोलोरॅडोतील ट्रिनिडाड या गावी वारला.

आणि श्रोते? ते त्यानंतर आले. १९९८ मध्ये 'रशमोर' या अमेरिकन चित्रपटाच्या शेवटी 'ऊ ला ला' वाजले आणि ते रचले गेले तेव्हा जन्मलीही नव्हती अशी मुले ते गुणगुणू लागली. २००४ मध्ये त्याच अल्बर्ट हॉलमध्ये त्याच्या स्मरणार्थ मैफल झाली. २००६ मध्ये त्याच्यावर माहितीपट निघाला. २०१२ मध्ये दोन्ही बँडना अमेरिकेतील 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये स्थान मिळाले. आणि २०१९ मध्ये त्याची गाणी सहा तबकड्यांच्या संचात प्रसिद्ध झाली.

एवढा उशीर का झाला? मला तीन कारणे दिसतात. एक, तो मागच्या रांगेतला माणूस होता. दोन, बाजार ज्या दिशेला धावत होता तिच्याकडे त्याने पाठ फिरविली. तीन, त्याचे गाणे पहिल्या ऐकण्यात पकड घेणारे नव्हे. मलाही ते चौथ्या-पाचव्या वेळी आवडू लागले. वादकांना मात्र ते लगेच कळले, कारण साधे वाजविणे किती अवघड असते हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

पण या अभ्यासात मला खरी जाणवलेली गोष्ट निराळीच आहे. वादकांच्या कौतुकाने लेनचे कर्ज फिटले नाही आणि रोगही बरा झाला नाही. मात्र त्या कौतुकामुळे त्याचे गाणे विस्मरणात गेले नाही. श्रोते येईपर्यंत कुणीतरी ते सांभाळावे लागते. ते काम सोबत्यांनी केले. आणि ते करू शकले, कारण गाणे मुद्रित झालेले होते! माझ्या वडिलांनाही सोबत्यांची दाद मिळाली. पण वीस-बावीस वर्षांतले त्यांचे एकही वाजविणे कुणी मुद्रित केलेले नाही. परण्यात वाजले आणि धुळीत विरले. उद्या कुणाला ऐकावेसे वाटले, तर ऐकवायचे काय? आपल्या प्रत्येकाच्या गावी असा एखादा संबळवाला, ढोलकीवाला किंवा सनईवाला आहे. यंत्र आता आपल्या खिशात आहे. सुट्टीत प्रत्येकाने एकाचे जरी वाजविणे मुद्रित केले, तरी आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक मोलाचा संग्रह उभा राहील, असे मला वाटते.

मी सुरुवात केली आहे. दिवाळीच्या सुट्टीत शहरातून क्लॅरोनेटची नवी पत्ती आणली आणि पेटी माळ्यावरून खाली काढली. वडील म्हणाले, "बोटं आता पोत्याची झाली." तरी जेवणानंतर ते ओट्यावर बसले. पहिले काही सूर फाटले. मग शेजारच्या गल्लीतले, पूर्वी त्यांच्याच बँडमध्ये साइड ड्रम वाजविणारे काका आवाज ऐकून आले आणि न बोलता पायरीवर बसले. माझ्या मोबाईलमध्ये ते वाजविणे अकरा मिनिटांचे आहे. मध्येच त्या काकांचा 'वा, मास्तर' असा आवाज आला आहे. वडील बँडमध्ये मास्तर कधीच नव्हते. तो आवाज मी पुसलेला नाही.