बुरुजाचा खर्च आधीं मोजावा
दहावी-बारावी उतरलेल्या मुलांस वाट दाखविण्याविषयीं पाठ

शास्त्रपाठ : लूक 14:28–30, 1 शमुवेल 17:38–40, प्रेषितांचीं कृत्यें 18:1–3.

पाठाचा हेतु : शाळा संपल्यावर पुढील शिक्षण व धंदा निवडतांना आईबापांनीं, मुलांनीं व मंडळीनें कोणत्या रीतीनें विचार करावा हें समजून घेणें.



उन्हाळा सरत आला म्हणजे बोर्डाचे निकाल लागतात, आणि रेणापूर तालुक्यांतील खेड्याखेड्यांतून एकच प्रश्न ऐकूं येतो, ‘आतां पुढें काय ?’ ज्या घरांत पूर्वीं कोणी शाळेची पायरी चढलें नव्हतें, त्या घरांतील मुलगी आज बारावी उतरते, ही देवाची मोठी कृपा होय. परंतु अशा घरांत सल्ला देणारें कोणी नसतें. बाप म्हणतो, शेजाऱ्याचा मुलगा गेला तेथें जा. मामा म्हणतो, लातुरास क्लास लाव. मूल गप्प बसतें. मग लोक उपदेशकाकडे येतात. उपदेशकानें केवळ प्रार्थना करून त्यांस परत पाठवावें काय ? प्रार्थना तर करावीच. पण माहिती, विचार व हिशेब हींही देवाचींच दानें आहेत.

1. खर्चाचा अजमास

जो आधीं बसून खर्चाचा अजमास करीत नाहीं, त्याचा पाया घातला जातो, पण बुरूज उभा राहत नाहीं, व येणारेजाणारे त्यास हसतात, असें प्रभूनें दृष्टांतांत सांगितलें. हा दृष्टांत मुख्यतः शिष्यत्वाविषयीं आहे हें खरें. परंतु जो प्रभु आपल्या मागें येण्याच्या कामींही खर्च मोजावयास सांगतो, तो संसाराच्या कामीं डोळे मिटून उडी घ्या असें कसें म्हणेल?

रेणापूरच्या माणसास लातूर जवळ आहे. तेथें दयानंद महाविद्यालय 1961 सालीं व राजर्षि शाहू महाविद्यालय 1970 सालीं निघालें. पुढें कसून अभ्यास व वारंवार परीक्षा ह्या पद्धतीस ‘लातूर पॅटर्न’ असें नांव पडलें, आणि आज सबंध महाराष्ट्रांतून मुलें तेथें येतात. ह्यांत चांगलें पुष्कळ आहे. खेड्यांतील गरिबाचीं मुलेंही ह्या वाटेनें डॉक्टर झालीं आहेत. परंतु संख्याही पाहिली पाहिजे. 2024 सालीं वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेस 23 लाखांहून अधिक मुलें बसलीं. त्या वेळीं एम.बी.बी.एस.च्या जागा सबंध देशांत सव्वा लाखाच्या आंतच होत्या, व त्यांतील सुमारें निम्म्याच सरकारी. म्हणजे शंभरांतील नव्वदांहून अधिक मुलांस दुसरी वाट धरावी लागणार, हें आधींच ठरलेलें आहे. तीं मुलें आळशी नव्हेत, नालायकही नव्हेत. जागाच थोड्या आहेत.

म्हणून क्लासमध्यें नांव घालण्यापूर्वीं आईबापांनीं एका कागदावर चार गोष्टी लिहून काढाव्या. पहिली, फी, खोलीभाडें, खाणावळ, पुस्तकें व येणेंजाणें मिळून वर्षाचा खर्च किती. दुसरी, हा पैसा कोठून येणार : मजुरींतून, शिल्लकेंतून, कीं सावकाराकडून. तिसरी, किती वर्षें हा खर्च चालवावयाचा. पहिल्या खेपेस गुण कमी पडले तर पुन्हां एक वर्ष द्यावयाचें कीं नाहीं. चौथी, यश न आल्यास त्याच विषयांवर दुसरी कोणती वाट मोकळी आहे. चौथ्या प्रश्नाचें उत्तर नसेल तर जमीन विकूं नये. एक एकर गेली म्हणजे ती परत येत नाहीं, आणि तिच्या ओझ्याखालीं मुलाचें मनही दबतें.

आणखी एक इशारा. पैसे घेऊन जागा मिळवून देतों म्हणणाऱ्याच्या दारीं जाऊं नये. 2024 सालीं ह्याच परीक्षेच्या प्रश्नपत्रिका फुटल्याच्या प्रकरणाचा तपास लातुरापर्यंत पोंचला व तेथें धरपकड झाली. जें लांच देऊन मिळतें तें देवानें दिलें असें म्हणतां येत नाहीं.

2. शौलाचें चिलखत

दावीद लढाईस निघाला तेव्हां शौलानें त्यास आपलें चिलखत घातलें. चिलखत उत्तम होतें, राजाचें होतें. परंतु दाविदास त्याची संवय नव्हती, म्हणून त्यानें तें उतरून ठेविलें आणि हातास संवयीची असलेली गोफण घेतली. किती आईबाप आपल्या मुलांस शौलाचें चिलखत घालतात ! दुसऱ्याचा मुलगा इंजिनिअर झाला, म्हणून ज्यास गणिताची धडकी भरते त्यासही त्याच वाटेस लावतात.

मुलाची गोफण कोणती हें कसें ओळखावें ? त्याच्या गुणपत्रिकेकडे एका वर्षाची नव्हे, तर तीनचार वर्षांची पाहावी. कोणत्या विषयांत तें न सांगतां बसतें, हें शिक्षकांस विचारावें. घरीं मोटर बिघडली तर तें उघडून पाहतें काय, आजाऱ्याजवळ न कंटाळतां बसतें काय, धाकट्यांस शिकवितें काय, हें पाहावें. आणि शेवटीं त्यालाच विचारावें, व उत्तर संपेपर्यंत मध्यें बोलूं नये.

3. वाटा कोणत्या आहेत

दहावीनंतर तीन मुख्य वाटा फुटतात. पहिली अकरावी-बारावीची : विज्ञान, वाणिज्य अथवा कला. विज्ञान घेतांना पुढचें आधींच पाहावें. वैद्यकीकरितां जीवशास्त्र पाहिजे, इंजिनिअरीकरितां बहुधा गणित पाहिजे. अकरावींत सोडलेला विषय पुढें दार बंद करूं शकतो.

दुसरी वाट आय.टी.आय.ची. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, तर इलेक्ट्रिशियन व फिटर यांचा दोन वर्षांचा आहे. तिसरी वाट तंत्रनिकेतनाची. तेथील पदविका दहावीच्या गुणांवर प्रवेश मिळून तीन वर्षांत पुरी होते, व लातुरांत सरकारी तंत्रनिकेतन आहे. पुष्कळांस ठाऊक नसतें कीं ह्या वाटा एकमेकींस जोडलेल्या आहेत. दोन वर्षांचा आय.टी.आय. पुरा करणाऱ्यास पदविकेच्या दुसऱ्या वर्षांत, व पदविका घेणाऱ्यास इंजिनिअरीच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षांत प्रवेश मागतां येतो. मधल्या काळांत तो कमावताही होऊं शकतो. गरीब घराला ही शिडी पुष्कळदां अधिक सोयीची पडते. लातुराजवळ हरंगुळ येथें रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्याची पायाभरणी 2018 सालीं झाली. अशा ठिकाणीं हातांत कसब असलेल्या माणसाची गरज लागते.

बारावीनंतर परिचारिकेचें शिक्षण आहे : ए.एन.एम. दोन वर्षें, जी.एन.एम. तीन वर्षें, आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षें. शेवटच्यास विज्ञान व जीवशास्त्र लागतें. पहिल्या दोहोंस इतर शाखांच्या मुलींसही वाव आहे. मात्र संस्थेस परिचर्या परिषदेची मान्यता आहे कीं नाहीं हें पाहिल्यावांचून एक रुपयाही भरूं नये. शिक्षक होऊं पाहणाऱ्यास दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका आहे. शेतीची आवड असेल त्यास परभणीचें कृषि विद्यापीठ आहे. तें 1972 सालीं स्थापन झालें, व लातुरांतही त्याचें महाविद्यालय आहे. नांदेडास 1981 सालापासून श्री गुरु गोविंदसिंगजींच्या नांवाची अभियांत्रिकी संस्था, आणि 1994 सालापासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. घर सोडतां येत नाहीं त्यास नाशिकच्या मुक्त विद्यापीठांतून पदवी घेतां येते.

4. हाताचें काम हलकें नव्हे

पौल मोठा विद्वान असूनही करिंथांत अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवीत असे. आमच्या महाराष्ट्रांतील मंडळ्यांनीं हें आरंभापासून मानलें. अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, मिशनच्या औद्योगिक शाळेंत मुलांस हातकाम शिकविलें जाई. मिरजेस डॉ. वानलेस यांनीं 1894 सालीं रुग्णालय काढलें, व तेथें ख्रिस्ती मुलींस परिचारिकेचें शिक्षण मिळूं लागलें. पंडिता रमाबाईंनीं केडगांवच्या मुक्ति सदनांत दुष्काळांतून आणलेल्या मुलींस वाचनाबरोबर विणकाम व छापखान्याचें काम शिकविलें. ज्यांस जगानें टाकलें होतें त्या आपल्या हातांनीं भाकर मिळवूं लागल्या. तेव्हां ‘आय.टी.आय.ला गेला, म्हणजे वाया गेला’ असें ख्रिस्ती घरांत कोणी म्हणूं नये.

5. दाखला आणि सत्य

आतां एका कठीण गोष्टीविषयीं. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती प्रथम हिंदूंपुरत्या ठेविल्या. पुढें 1956 सालीं शिखांस व 1990 सालीं बौद्धांस त्या मिळाल्या. ख्रिस्ती झालेल्यांस मिळाल्या नाहींत. म्हणून कित्येक घरांत रविवारीं एक नांव व कागदावर दुसरा धर्म असें चालतें. ह्या दुःखाची थट्टा कोणी करूं नये. खेड्यांत धर्म बदलल्यानें शिवाशिव संपत नाहीं, हें आपण जाणतों, आणि ह्या बाबतींत न्याय मागण्याचा आपला हक्क आहे. परंतु 26 नोव्हेंबर 2024 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट सांगितलें कीं, ख्रिस्ती धर्म आचरीत असतां केवळ सवलतीसाठीं हिंदु म्हणवून अनुसूचित जातीचा दाखला मागणें हें राज्यघटनेशीं कपट होय. अशा दाखल्यावर बांधलेली नोकरी वाळूवरचें घर आहे. तें मुलाच्या पस्तिसाव्या वर्षींही पडूं शकतें.

सरळ वाट मात्र अगदींच बंद नाहीं. अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांस महाराष्ट्रांत इतर मागासवर्गांत धरलें आहे. त्यासाठीं जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेयर दाखला व पडताळणी लागते, आणि 13 ऑक्टोबर 1967 पूर्वींच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. हे कागद मिळविण्यास महिने लागतात. म्हणून मूल दहावींत जातांच कामास लागावें. ज्या घरचीं माणसें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात, त्यांनीं तर निघण्यापूर्वींच अर्ज करावा. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत पाहून तो वेळेवर नवा करावा. शिष्यवृत्तीचे अर्ज सरकारच्या महाडीबीटी ह्या संकेतस्थळावर भरावे लागतात, व बँकेचें खातें आधारास जोडलेलें असावें लागतें.

6. मुलींविषयीं

बारावी झाली कीं स्थळ पाहावयाचें, ही चाल आपल्याही घरांतून गेलेली नाहीं. आईबापहो, 8 जुलै 2024 च्या शासननिर्णयानें इतर मागासवर्ग व आर्थिक दुर्बल घटक इत्यादिकांतील ज्या मुलींच्या घरचें वार्षिक उत्पन्न 8 लाखांच्या आंत आहे, त्यांस सरकारी प्रवेशफेरींतून मिळालेल्या व्यावसायिक शिक्षणाची शिक्षण-फी व परीक्षा-फी माफ झाली आहे. राहण्याजेवण्याचा खर्च त्यांत नाहीं. तो मोजावाच लागेल. तरी ‘फी कोठून भरूं ?’ ही सबब पुष्कळ अंशीं उरली नाहीं.

7. उपदेशकाचें व मंडळीचें काम

उपदेशकानें एक वही करावी. तींत मंडळींतील नववी ते बारावीच्या प्रत्येक मुलाचें नांव, आवड, कागदपत्रें व अर्जाच्या तारखा लिहाव्या. वर्षांतून दोन रविवारीं उपासनेनंतर आईबापांस बसवावें, आणि जी मंडळींतील परिचारिका, वायरमन वा शिक्षक आहे, त्याच्या तोंडून ती वाट ऐकवावी. परक्याच्या भाषणापेक्षां आपल्यांतील एकाचें सांगणें अधिक पटतें. हंगामाच्या उपकारस्तुतीच्या दानांतून थोडा भाग अर्जांच्या फीसाठीं व प्रवासासाठीं राखून ठेवावा.

आणि जो नापास झाला, त्याच्या घरीं उपदेशकानें त्याच संध्याकाळीं जावें. पुरवणी परीक्षा आहे, दुसऱ्या वाटा आहेत, हें त्यास सांगावें. पण प्रथम त्याच्याजवळ बसावें. त्यास एकटें सोडूं नये, व घरच्यांस टोचून बोलूं देऊं नये. निकालाच्या दिवसांत कित्येक मुलांनीं आपला जीव दिला आहे. देवापुढें मुलाची किंमत गुणपत्रिकेवर ठरत नाहीं, हें त्यास आपल्या वागण्यावरूनच कळेल.

मंडळींत विचारण्यासारखे प्रश्न

1. आपल्या गांवांत शौलाचें चिलखत कोणकोणत्या नांवानें मुलांस घातलें जातें ?
2. खर्चाच्या चार गोष्टींपैकीं कोणती आपण बहुधा विसरतों ?
3. हाताच्या कामास आपण हलकें कां मानतों ? पौलाच्या उदाहरणावरून काय शिकावें ?
4. खरा दाखला काढल्यानें कांहीं सवलत गेली, तर मंडळीनें त्या घराचा भार कसा उचलावा ?
5. येत्या वर्षीं वही कोण ठेवील ? त्याचें नांव आजच ठरवा.

प्रार्थनेचे विषय : परीक्षेस बसणारीं मुलें, ज्यांस यंदा अपयश आलें तीं, शिक्षणाचा खर्च पेलणारे आईबाप, आणि बुरूज पुरा होईपर्यंत सोबत राहण्याची मंडळीस बुद्धि व्हावी म्हणून.