पूर्वेच्या समुद्राकाठी राहायचं तर

मुक्ता रत्नागिरीची. तिला चेन्नईत जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरच्या एका कंपनीत नोकरी लागली आहे. तिची आत्या नोकरीची बरीच वर्षं त्या शहरात काढून आता मांडवीजवळच्या घरी परत आली आहे. जाण्याआधी भाचीने आत्याला विचारून घेतलेल्या गोष्टी, त्या दोघींच्याच शब्दांत.

मुक्ता : आत्या, मी घरं बघायला लागलेय. भाडं किती, ऑफिस किती लांब, एवढं विचारते. आणखी काय विचारायचं?

आत्या : सगळ्यात आधी विचार, पाणी कुठलं? महापालिकेच्या नळाचं, बोअरचं, की लॉरीचं? टँकरला तिथे लॉरी म्हणतात. मग विचार, २०१५ च्या डिसेंबरात या गल्लीत पाणी कुठवर चढलं होतं? भाड्याचं नंतर. या दोन प्रश्नांची उत्तरं जिथे धड मिळत नाहीत, ते घर घेऊ नकोस.

मुक्ता : एकाच घरासाठी टंचाईचंही विचारायचं आणि पुराचंही?

आत्या : हो. ते शहर तसंच आहे. त्यासाठी आधी तिथला पाऊस समजून घे. आपल्याकडे जूनमध्ये नैर्ऋत्येकडून वारे येतात, अरबी समुद्रावरून भरपूर बाष्प घेऊन. सह्याद्री त्यांना अडवतो, वर चढायला लावतो आणि ते इथेच रिकामे होतात. म्हणून रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिमीच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळपास सगळा सप्टेंबरपर्यंत संपतो. घाट ओलांडून चेन्नईपर्यंत पोचतात ते कोरडे, तापलेले वारे. त्या चार महिन्यांत तिथे थोड्याफार संध्याकाळच्या सरी पडतात, इतकंच.

मुक्ता : मग त्यांचा पावसाळा कधी?

आत्या : ऑक्टोबरपासून. तोवर वाऱ्याची दिशा फिरलेली असते. ईशान्येकडून येणारे वारे बंगालच्या उपसागरावरून बाष्प उचलतात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आणून टाकतात. चेन्नईचा वर्षाचा पाऊस १,४०० मिमीच्या आसपास, आणि त्यातला निम्म्याहून जास्त ऑक्टोबर ते डिसेंबरात. तोही रोज थोडा थोडा नाही. समुद्रात एखादा कमी दाबाचा पट्टा तयार झाला की दोन दिवसांत महिन्याचा पाऊस, आणि एखाद्या वर्षी तसे पट्टे वळलेच नाहीत तर पुढचं वर्षभर घसा कोरडा. दिवाळीची कपडेखरेदी तिथे छत्री घेऊन करावी लागते, हे आपल्या माणसाला पहिल्या वर्षी फार विचित्र वाटतं.

मुक्ता : कोरडं वर्ष किती वाईट असतं?

आत्या : २०१९ आठवतंय ना? शहराला पाणी पुरवणारे मुख्य तलाव चार : पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरमबाक्कम. त्या जूनमध्ये चारही जवळजवळ कोरडे होते. शहराला रोज सुमारे ८३ कोटी लिटर पाणी लागायचं, त्यातलं ५२ कोटींच्या आसपासच मिळत होतं. हॉटेलांनी दुपारची जेवणं बंद केली, काही आयटी कंपन्यांनी लोकांना घरूनच काम करायला सांगितलं. तू जातेयस त्या रस्त्यावर सगळ्यात जास्त हाल झाले, कारण तिथल्या कित्येक सोसायट्या नळावर नाही, लॉरीवर चालतात. जुलैत जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणायला सुरुवात झाली. ५० वाघिणींतून २५ लाख लिटर.

मुक्ता : लातूरला मिरजेहून गाडी गेली होती तशी.

आत्या : अगदी तशीच, २०१६ च्या एप्रिलमध्ये. फरक इतकाच, की लातूर समुद्रापासून लांब, आणि चेन्नईच्या दारात समुद्र. म्हणून त्यांनी समुद्राचंही पाणी गोडं करायला घेतलं. २०१० मध्ये मिंजूरचा प्रकल्प आणि २०१३ मध्ये नेम्मेलीचा, प्रत्येकी रोज १० कोटी लिटरचा. २०२४ मध्ये नेम्मेलीलाच आणखी १५ कोटी लिटरचा. पण त्याला वीज फार लागते, म्हणून ते पाणी महाग पडतं.

मुक्ता : बाकीचं सगळं त्या चार तलावांतूनच?

आत्या : नाही, आणि हे आपल्या माणसांना सहसा ठाऊक नसतं. चेन्नईच्या पाण्यात महाराष्ट्राचा वाटा आहे. १९७६ मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या तिन्ही राज्यांनी कृष्णेतल्या आपापल्या हिश्शातून प्रत्येकी ५ टीएमसी पाणी मद्रासच्या पिण्यासाठी सोडायचं कबूल केलं. मग कालव्याचं काम झालं, त्याचं नाव तेलुगु गंगा. श्रीशैलम, सोमशिला, कंडलेरू करत हे पाणी १९९६ मध्ये पूंडीच्या तलावात पोचलं. आता कृष्णा उगवते कुठे?

मुक्ता : महाबळेश्वरला.

आत्या : म्हणजे आपल्याच डोंगरापलीकडे. आपल्या डोक्यावरून गेलेला ढग घाटमाथ्यावर बरसतो. त्यातलं पश्चिमेकडे उतरलेलं पाणी आपल्या खाड्यांतून लवकरच समुद्राला मिळतं. पूर्वेकडे उतरलेलं सगळं दख्खन ओलांडतं आणि त्यातला एक वाटा चेन्नईच्या नळाला येतो. ठरलेलं सगळं पाणी दर वर्षी पोचतंच असं नाही, वाटेतल्या शेतीलाही ते हवं असतं. पण त्या शहरात तू अगदीच परकी नाहीस, एवढं लक्षात ठेव.

मुक्ता : आता पुराचं सांग. दुष्काळी शहरात पूर कसा येतो?

आत्या : जमीन सपाट म्हणून. आपल्याकडे कडे आहेत, उतार आहेत, पाणी वाट काढतं. चेन्नई समुद्रापेक्षा थोडेच मीटर उंच. कोसस्थलैयार, कूवम आणि अड्यार या तिन्ही नद्या संथ वाहतात. त्यांना आडवा बकिंगहॅम कालवा. पूर्वी गावोगावी तळी होती, त्यांना तिथे एरी म्हणतात. एक भरली की दुसरीत पाणी उतरायचं. दक्षिणेला पळ्ळिकरणैची मोठी दलदल होती, ती जास्तीचं पाणी पोटात घ्यायची. शहर वाढलं तसं तळ्यांवर वसाहती आल्या. दलदलीच्या बऱ्याच भागावर रस्ते, इमारती, कचरा डेपो आला. उरलेल्या भागाला २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत स्थान मिळालं. तुझं ऑफिस तिथून फार लांब नाही.

मुक्ता : आणि २०१५ ला?

आत्या : नोव्हेंबरभर पाऊस होताच. १ डिसेंबरला तांबरमला एका दिवसात जवळजवळ ४९ सेंमी पडला. चेंबरमबाक्कम काठोकाठ भरलेला, त्यातून अड्यार नदीत पाणी सोडलं गेलं. नदीकाठच्या वस्त्या रात्रीतून बुडाल्या, विमानतळ काही दिवस बंद राहिला. शेकडो माणसं गेली. आमच्या इमारतीत तळमजल्यावरची सगळी कुटुंबं वर येऊन राहिली. गच्चीवर एकच चूल, ज्याच्या घरात जे होतं ते त्यात. मशिदी, देवळं, शाळा सगळ्यांनी दारं उघडली होती. तेव्हा मला त्या शहराविषयी जे वाटलं ते अजून टिकून आहे.

मुक्ता : २०२१ ला चिपळूणला आपणही हे पाहिलं.

आत्या : हो, म्हणून तुला समजावणं सोपं जातंय. वाशिष्ठीकाठी ज्यांनी घरं धुतली, त्यांना अड्यारकाठचं वेगळं सांगायला लागत नाही. वादळांचंही तसंच. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते आपण सोसलं. पण बंगालच्या उपसागरात वादळं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त होतात, जुन्या नोंदींचा हिशोब साधारण चौपट. तिथलं पाणी वर्षातला बराच काळ जास्त उबदार असतं, आणि मोठ्या नद्यांचं गोडं पाणी वरच्या थराला पसरलेलं, त्यामुळे खालचं गार पाणी सहज वर येत नाही. २०१६ च्या १२ डिसेंबरला वरदा वादळ शहरावरूनच गेलं, हजारो झाडं पडली. नोव्हेंबर-डिसेंबरात घरात चार दिवसांचं पाणी, औषधं आणि चार्ज केलेली बॅटरी ठेवायची. हवामान खात्याचा इशारा आला की हसण्यावारी न्यायचं नाही.

मुक्ता : उकाड्याचं काय? सगळे त्याचीच भीती घालतात.

आत्या : मे महिना कठीण. ४ मेपासून तिथे अग्निनक्षत्राचे दिवस मोजतात, साधारण २८ पर्यंत. खारे वारे म्हणजे काय ते तू शाळेत शिकलीस. दिवसा जमीन तापते, वरची हवा हलकी होते आणि समुद्रावरून वारा आत येतो. चेन्नईत सगळं त्यावर अवलंबून. दुपारी बाराच्या सुमारास तो वारा आला तर दिवस निभावतो. पण मे-जूनमध्ये पश्चिमेकडून येणारे ते कोरडे वारे जोरात असतात, ते समुद्राच्या वाऱ्याला थोपवून धरतात. ज्या दिवशी खारे वारे तीन-चारपर्यंत येत नाहीत, त्या दिवशी पारा चाळिशीपार. म्हणून घर बघताना पूर्वेच्या खिडक्या बघ. आपण पश्चिमेच्या बघतो.

मुक्ता : आणि सूर्य समुद्रातून उगवणार!

आत्या : उगवणार, आणि लवकर. रत्नागिरी ७३ रेखांशावर, चेन्नई ८० वर. एका अंशाला चार मिनिटं धर, म्हणजे सरासरी अर्धा तास आधी. घड्याळ मात्र एकच. तिथली माणसं पहाटे उठतात त्यामागे उन्हाइतकंच हेही आहे. साडेपाचला दारात सडा, कोलम, दुधाची गाडी. सकाळची कामं ऊन चढायच्या आत उरकतात.

मुक्ता : एवढ्या गर्दीत एकटीने फिरायला जमेल?

आत्या : गर्दी आहे. २०११ च्या जनगणनेत चेन्नईच्या जुन्या हद्दीतच ४६ लाखांवर माणसं होती. आपला अख्खा रत्नागिरी जिल्हा सोळा लाखांचा. पण येणं-जाणं सोयीचं आहे. बीच ते तांबरम विजेची लोकल १९३१ पासून आहे, मेट्रो २०१५ पासून, आणि २०२१ पासून साध्या सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट नाही. घरकाम करणाऱ्या, दुकानात काम करणाऱ्या बायकांचा त्यामुळे महिन्याचा मोठा खर्च वाचतो. तमिळ मात्र शीक. मोडकं बोललीस तरी चालेल. रिक्षावाल्या अण्णाशी आणि भाजीवाल्या अक्काशी दोन वाक्यं बोललीस की लोक आपणहून मदत करतात.

मुक्ता : मासे तरी मिळतील ना आपल्यासारखे?

आत्या : मासे उत्तम. सुरमई वंजिरम नावाने, पापलेट वव्वाल नावाने. कासिमेडूचं बंदर म्हणजे तिथलं मिरकरवाडा, फक्त कितीतरी मोठं. एक गंमत बघ. आपल्याकडे मासेमारी बंद जून-जुलैत, त्यांच्याकडे १५ एप्रिल ते १४ जून. त्यामुळे आंब्याच्या दिवसांत तुला तिथे ताजी मोठी मासळी कमी दिसेल, आणि इथे नौका किनाऱ्याला लागल्यावर तिथल्या बाहेर पडतील.

मुक्ता : मराठी माणसं भेटतील का?

आत्या : भरपूर, आणि दोन तऱ्हेची. एक आपल्यासारखी, नोकरी-धंद्याला गेलेली. सोन्याचांदीच्या बाजारात सांगलीकडची गलाईवाली मंडळी. दुसरी तंजावरची. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरात राज्य स्थापलं, ते १८५५ पर्यंत टिकलं. त्यांच्याबरोबर गेलेल्या घरांची पुढची पिढी मद्रासला आली. राजा सर टी. माधवराव त्यांतलेच, त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण. त्या घरांतली मराठी ऐकलीस तर जुने शब्द आणि तमिळ हेल एकत्र सापडतील. जॉर्ज टाऊनमधल्या काळिकांबाळ देवळात तर शिवाजी महाराज १६७७ मध्ये दर्शनाला आले होते असं सांगतात. आणि डिसेंबरात, मार्गळीच्या संगीत मोसमात, एखाद्या सभेत जाऊन बस. कर्नाटक संगीताच्या मैफलीत शेवटाकडे अभंग सुरू होतो आणि सगळं सभागृह टाळ्यांचा ठेका धरतं. तिथल्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी आजही म्हणतात. पहिल्या वर्षी घरची आठवण काढून रडायला येईल, तेव्हा तिथे जा.

मुक्ता : मग आत्या, एवढं सगळं असून तू पहिला प्रश्न पाण्याचाच का सांगितलास?

आत्या : कारण मोठ्या शहरात पाण्याचा विचार करायची सवयच सुटते. नळ उघडला की पाणी, संपलं की फोन करून लॉरी. पण चेन्नईत एक गोष्ट फार चांगली झाली. २००३ मध्ये तमिळनाडू सरकारने जुन्या-नव्या सगळ्या इमारतींना गच्चीवरचं पाणी जमिनीत मुरवणं सक्तीचं केलं. पुढच्या पावसानंतर विहिरींची पातळी वर आलेली लोकांनी डोळ्यांनी पाहिली. पुढे कित्येकांनी पाणी मुरवायचे खड्डे गाळाने भरू दिले, हेही खरं. म्हणून तुझा तिसरा प्रश्न हा : पागोळीचं पाणी जातं कुठे, आणि खड्डा शेवटचा कधी साफ केला?

मुक्ता : हे आपल्याकडे कुणी विचारत नाही.

आत्या : विचारायला हवं. हिशोब कर. १०० चौरस मीटरचं छप्पर. चेन्नईत त्यावर वर्षाला १ लाख ४० हजार लिटर पाणी पडतं, रत्नागिरीत ३ लाखांच्या वर. तरी मे महिन्यात आपल्या वाड्यावस्त्यांवर टँकर फिरतात, शीळ धरण उतरलं की शहरातही पाणी जपून येतं. जांभ्यातून पाणी झरझर निघून जातं, म्हणून नुसतं मुरवून भागत नाही. काही टाकीत साठवावं लागतं, काही विहिरीकडे वळवावं लागतं. आपल्या निम्म्या पावसात ते धडपडतात आणि आपण दुप्पट पाऊस खाडीत सोडतो.

मुक्ता : म्हणजे मी जाण्याआधी काम इथलंच निघालं.

आत्या : निघालंच. मे संपायच्या आत आपल्या छपराला पन्हळ लावून घेऊ आणि तिचं तोंड विहिरीकडे वळवू. पहिल्या दोन पावसांचं पाणी सोडून द्यायचं, छप्पर धुऊन निघतं. मग गाळणी बसवायची. ते करताना सगळं तुझ्या हाताखालून जाईल, आणि चेन्नईच्या घरमालकाला काय विचारायचं ते मला वेगळं शिकवावं लागणार नाही.