जिभेची गाठ आणि आदरणीय मूसा (अ.) यांची दुआ

आपण निवांतपणे लिहावयास बसलात की मुद्दे ओळीने येतात, आयत आठवते, नेमका शब्द सापडतो. परंतु एखाद्या देशबांधवाने समोरासमोर विचारले की, मृत्यूनंतर काय होते असे तुम्ही मानता, तर घसा कोरडा पडतो. प्रस्तुत लेखकावरही हा प्रसंग आला. वडिलांच्या निधनाने खचलेल्या एका सहकाऱ्याने हाच प्रश्न विचारला. मी दोन अर्धवट वाक्ये बोललो आणि गप्प झालो. घरी येऊन मात्र चार पाने लिहिली. ती पाने वहीतच राहिली.

वाचकहो, यास ईमानाची दुर्बलता समजून स्वतःस दूषण देण्यापूर्वी सूरह ताहा उघडावी. फिरऔनकडे जाण्याची आज्ञा झाली तेव्हा आदरणीय मूसा (अ.) यांनी सैन्य मागितले नाही की धन मागितले नाही. आयत २५ ते २८ मधील त्यांची याचना अशी आहे: अंतःकरण विशाल व्हावे, कार्य सुलभ व्हावे, जिभेची गाठ सुटावी आणि लोकांना आपले म्हणणे समजावे. यातील क्रम लक्षात घ्यावा. जिभेच्या आधी छातीचा उल्लेख आहे. सूरह शुअराच्या १३ व्या आयतीतही छाती दाटून येणे आधी आणि जीभ न चालणे नंतर आले आहे. त्यांच्या बालपणीच्या निखाऱ्याची कथा तफसीरच्या ग्रंथांत आढळते. कुरआन त्याविषयी मौन आहे आणि आपल्या विषयास तिची गरजही नाही.

शिवाय हे मागणे वक्तृत्वाचे नव्हते, समजले जाण्याचे होते. बंधू हारून (अ.) आपल्यापेक्षा अधिक स्पष्ट बोलतात हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले व त्यांची साथ मागितली (सूरह कसस, आयत ३४). आपल्यापैकी किती जणांना हे जमते?

दुआ स्वीकारली गेली. तरीही फिरऔनने त्यांच्या बोलण्यावरून टोमणा मारलाच (सूरह जुखरुफ, आयत ५२). आता दरबारातील संवाद पाहावा. तुमचा पालनकर्ता कोण, या प्रश्नास त्यांनी एकाच वाक्यात उत्तर दिले: ज्याने प्रत्येक वस्तूला तिचे रूप दिले आणि मार्ग दाखविला, तो. मग पूर्वीच्या पिढ्यांचा विषय काढून फिरऔनने त्यांना भलतीकडे नेऊ पाहिले. ते ज्ञान माझ्या पालनकर्त्यापाशी आहे, एवढेच सांगून मूसा (अ.) पुन्हा मूळ विषयाकडे, जमीन, वाटा आणि पाऊस यांकडे वळले.

लिहिणाऱ्यांचा घोटाळा येथेच होतो. संपूर्ण लेख एका श्वासात सांगण्याची आपली धडपड असते, आणि मग एकही वाक्य बाहेर पडत नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याविषयी आदरणीय आयशा (रजि.) सांगतात की, मोजू पाहणाऱ्यास त्यांचे शब्द मोजता आले असते. महत्त्वाची गोष्ट ते तीनदा सांगत, असे आदरणीय अनस (रजि.) यांचे कथन आहे. दोन्ही हदीस बुखारीत आहेत.

तेव्हा आपण लिहिलेल्या पानातील एकच वाक्य निवडावे आणि घरातील माणसांना मोठ्याने ऐकवावे. त्यांना कळले नाही तर बदलावे. बाहेर पडताना ती दुआ म्हणावी. एखादी गोष्ट ठाऊक नसेल तर तसे सांगण्यास संकोच नको.

माझ्या चार पानांतून मीही एक वाक्य काढले आहे. येत्या रविवारी त्या सहकाऱ्याच्या घरी जाणार आहे.