आधी माणूस, मग नाव

विश्रामबाग, सांगली
भाद्रपद वद्य पंचमी

चि. सोनू हिस,


तुझं पत्र आणि त्यासोबतची यादी मिळाली. ताईच्या बाळाला दुपटं, आबांना पांघरूण, मैत्रिणीला लग्नात गोधडी, मामीला काहीतरी कशिद्याचं आणि आजीच्या लुगड्यांतून सगळ्या भावंडांना एकेक उशीचा अभ्रा. प्रत्येकावर ज्याचं त्याचं नाव भरलेलं, आणि सगळं दिवाळीपर्यंत! नोकरी सांभाळून हे करावंसं तुला वाटलं याचा मला फार आनंद झाला. तू टाके विचारलेस, ते सांगतेच. पण सुई हातात घेण्याआधी ठरवायच्या गोष्टी जास्त महत्त्वाच्या, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करते.

तू लिहिलंस, "नाव भरलं की भेट खास त्या माणसाची होते." तसं असतं तर हातानं भरण्याची गरजच नव्हती. संगणकावर चालणारं भरतकामाचं मशीन काही मिनिटांत नाव भरून देतं आणि अक्षरंही तुझ्या-माझ्यापेक्षा सरळ येतात. ज्या माणसासाठी तू शिवतेस तो कसा झोपतो, कुठे बसतो, त्याला थंडी वाजते की उकडतं, त्याच्या घरी धुणं कोण धुतं, हे मात्र मशीनला माहीत नसतं. तुला ते माहीत आहे. ती माहिती कापडात उतरली की भेट त्या माणसाची झाली. म्हणून यादीतल्या प्रत्येक नावापुढे आधी एवढंच लिही: हा माणूस ही वस्तू रोज कुठे आणि कशी वापरेल? ज्याच्यापुढे उत्तर सुचणार नाही, त्याच्यासाठी अजून कापड कापू नकोस.

आबांपासून सुरुवात करू. पलंगाएवढी गोधडी त्यांना नको. सकाळी खुर्चीत बसून पेपर वाचताना त्यांचे गुडघे गारठतात, त्यासाठी हवंय ते. साधारण ४० इंच रुंद आणि ५० इंच लांब पुरे. याहून लांब केलंस तर उठताना पायात अडकेल, आणि त्या वयात पडणं परवडत नाही. तीनच थर घाल, म्हणजे त्यांना एका हातानं बाजूला सारता येईल. रंग गडद घे, चहा सांडतोच. नाव छापील वळणात भरू नकोस. त्यांनी तुला वाढदिवसाला दिलेल्या पुस्तकांवर त्यांची सही आहे, तीच फिकट रंगाच्या कार्बन कागदानं कापडावर उतरवून घे आणि तिच्यावरून उलटी टीप घाल. शेवटच्या अक्षराला ते देतात तो लांब फटकारा तसाच ठेव. त्यांच्या हाताचं वळण घरातल्या सगळ्यांना ओळखता येतं.

ताईच्या बाळाचं दुपटं. अगं, बाळ अजून यायचंय! नाव बाराव्या दिवशी ठेवतील, आत्या कानात सांगेल, तेव्हा आपल्याला कळणार. दुपटं बारशाआधी पुरं कर आणि एका कोपऱ्यात वीतभर जागा मोकळी सोड. बारशाला जाताना सुईदोरा बरोबर ने आणि नाव ठरलं की तिथेच बसून भर. तो पाळण्याचा दिवस त्या अक्षरांत राहील. मापाला मीटरभर चौरस पुरतं. कापड मात्र जुनंच हवं, पुष्कळ धुऊन मऊ झालेलं. नव्या कापडाची खळ नाजूक कातडीला टोचते. आभले, टिकल्या, मणी, बटणं यांतलं काहीही लावू नकोस, बाळ सगळं तोंडात घालतं. मागच्या बाजूला दोऱ्याच्या लांब उड्या ठेवू नकोस, इवली बोटं त्यात अडकतात. ताईला एवढं सांग, की हे बाळाच्या खाली अंथरायला आहे. पहिल्या वर्षात झोपलेल्या बाळाच्या अंगावर जाड, सैल पांघरूण टाकू नये, डॉक्टरही तेच सांगतात.

मैत्रिणीच्या लग्नाची गोधडी रुखवतात ठेवायची म्हणतेस. रुखवताची मांडणी मला मनापासून आवडते. भरतकामाची तोरणं, विणलेले रुमाल, नाव घातलेले अभ्रे, कितीतरी मुलींनी आपलं कौशल्य त्या टेबलावर मांडलंय. पण त्यातलं पुष्कळसं पुढे काचेच्या कपाटात जातं आणि तिथेच राहतं. तुझी गोधडी त्यांच्या पलंगावर गेली पाहिजे. तिथे एक जुनी पद्धत तुझ्या कामी येईल. अमेरिकेत १८४०च्या दशकात, विशेषतः बाल्टिमोर शहरात, गोधडीचा एकेक चौकोन एकेका स्नेह्याच्या नावाचा करायचे. त्यावर त्याची सही शाईनं किंवा टाक्यांनी असायची, आणि सगळे चौकोन जोडून ती गोधडी लग्न करून किंवा गाव सोडून जाणाऱ्याला द्यायचे. तुमच्या सगळ्या मैत्रिणींना पांढऱ्या सुती कापडाचा आठ-आठ इंची तुकडा दे, पेन्सिलीनं सही करायला सांग आणि त्यावरून तू टाके घाल. नवरीचं स्वतःचं नाव नसलं तरी चालेल. गोधडी तिच्याच घरात असणार, नाव हवंय ते ज्यांना ती सोडून चाललीय त्यांचं.

मामीचं माहेर धारवाडचं, म्हणून तिच्यासाठी कसुतीचं भरतकाम कर. आपल्या सीमेला लागून असलेल्या भागातली ही कला इरकल साडीवर शोभते. तिचे चार टाके: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. गवंती म्हणजे जाताना एक टाका सोडून एक भरायचा आणि परत येताना सोडलेली जागा भरायची. गाठ मारायची नाही, त्यामुळे गवंती आणि मुरगी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. तुळशीवृंदावन, गोपुर, हत्ती, रथ असे नमुने त्यात येतात. हे सगळं कापडाचे धागे मोजून करायचं असतं, म्हणून विरलेल्या मलमलीवर होत नाही. उभे-आडवे धागे सारखे दिसतील असं जाडसर कापड घे, त्यावर एकच वृंदावन भर आणि तो तुकडा उशीच्या अभ्र्यावर जोड. मामीला नावाची गरज नाही. वृंदावन पाहिलं की तिला तिचं अंगण आठवेल.

आता आजीच्या लुगड्यांविषयी. ती आबांच्या कपाटात आहेत आणि मी ती परस्पर काढून तुला देणार नाही. आधी आबांना विचार. फोनवर नको, समोर बसून विचार. गेलेल्या माणसाचे कपडे देऊन टाकावेत असं मानणारी माणसं आपल्यात आहेत, जवळ ठेवणारीही आहेत, आणि कपाट उघडून नुसतं बघणारीही आहेत. त्यांना कसं हवंय हे आपण ठरवायचं नाही. त्यांनी हो म्हटलं तरी सगळी कापू नकोस. जे इरकल अजून धड आहे ते कुणीतरी नेसावं. जे मांडीवर, कंबरेशी विरलंय त्याचे धड राहिलेले भाग वापर. नऊवारीत कापड इतकं असतं की विरलेल्या एकाच लुगड्यातून सगळ्या भावंडांचे अभ्रे निघतील. आणि काठ फेकू नकोस, तुमच्या सगळ्यांच्या लहानपणी त्या काठाला धरूनच तुम्ही आजीच्या मागे फिरलात.

गेलेल्या माणसाचं नाव कापडावर घालणं ही साधी गोष्ट नाही. ऑक्टोबर १९८७मध्ये वॉशिंग्टनच्या मैदानावर एड्सनं गेलेल्या माणसांची एक प्रचंड गोधडी अंथरली गेली. तिचे १,९२० तुकडे होते, प्रत्येक ३ फूट बाय ६ फुटांचा, एका थडग्याच्या मापाचा. जवळच्या माणसांनी गेलेल्यांच्या कपड्यांतून, आवडत्या वस्तूंतून आणि नावांनी ते तुकडे सजवले होते. ज्यांची नावं घ्यायलाही लोक कचरत होते, त्यांची नावं भर उजेडात सगळ्यांना वाचावी लागली. आजीच्या अभ्र्यांवर भावंडांची नावं घालू नकोस असं मला म्हणूनच वाटतं. तिचं नाव घाल, लहान अक्षरांत, आतल्या बाजूला. ज्याच्या डोक्याखाली ती उशी असेल त्याला ते माहीत असलं की झालं.

आता कापड आणि टाके. कापड सुतीच घे. सिंथेटिक साड्यांच्या गोधड्या हल्ली खूप दिसतात, टिकतातही, पण त्या घाम शोषत नाहीत. नवं कापड घ्यावंच लागलं तर आपल्या कापड पेठेत मलमल, मांजरपाट, पॉपलीन सगळं मिळतं. आणलं की रात्रभर पाण्यात भिजव, धू, वाळव आणि मगच काप. न धुता शिवलंस तर पहिल्या धुण्यात नवं आकसतं, जुनं तसंच राहतं आणि सगळी गोधडी चुरगळते. लाल, निळे आणि गडद हिरवे रंग आधी तपास. ओल्या पांढऱ्या फडक्यानं चोळ, फडक्याला रंग लागला तर ते कापड वगळ. भरायच्या दोऱ्याचीही हीच परीक्षा घे.

गोधडीत कापूस भरायचा नसतो. कापूस भरतात तो गादीत आणि रजईत, ते पिंजाऱ्याचं काम. गोधडीला जुन्या कापडाचेच थर. जमिनीवर स्वच्छ सतरंजी घाल, खालचं कापड ताणून पसर, त्यावर मधले थर, वर चांगलं कापड. कडा आत दुमडून घे आणि हातभर अंतरावर कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरून ठेव. मग धावदोरा. आपल्याकडच्या बायका काठापासून सुरुवात करून चौकटीत चौकट घालत मध्यापर्यंत जातात. हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायकांची कवंदी नावाची गोधडीही अशीच कडेकडून आत येते. परदेशी पुस्तकांत मात्र मधून बाहेर जायला सांगतात, म्हणजे फुगवटा कडेला निघून जातो. तू आपल्या पद्धतीनं कर, फक्त प्रत्येक फेरीनंतर तळहातानं कापड पुढे सारत राहा, नाहीतर सगळा घोळ मध्यावर साचतो. दोन ओळींत एका बोटापेक्षा जास्त अंतर नको. गाठ नेहमी थरांच्या आत ओढून घे.

एवढी काळजी का घ्यायची, तर गोधडी धुतली जाणार आहे म्हणून. नवरात्र बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायची आपली रीत. आत्ता इकडे तेच चाललंय, गच्च्यागच्च्यांवर गोधड्या पसरल्यात. पूर्वी कृष्णेच्या घाटावर नेऊन धोपटायचे, आता मशीनमध्ये घालतात. दोन्हींतून तुझे टाके तावून निघाले पाहिजेत. देण्याआधी तू स्वतः एकदा धुऊन, वाळवून बघ. जे उसवायचं ते तुझ्या हातात असतानाच उसवू दे.

नावाची अक्षरं भरताना देवनागरीचा एक कायदा लक्षात ठेव. आधी पेन्सिलीनं शिरोरेषा आख, अक्षरं तिला टांगून लिही, पण भरताना अक्षरं आधी भर आणि शिरोरेषा सगळ्यात शेवटी एका सलग ओळीत घाल. आधी रेष भरलीस तर खालच्या दांड्या नेमक्या तिला भिडत नाहीत. अक्षराची उंची इंचभर तरी ठेव. त्याहून लहान केलंस तर जोडाक्षरं आणि वेलांट्या दोऱ्यानं बुजतात. लडीच्या दोऱ्यात सहा पदर असतात, त्यातले दोन किंवा तीनच घे. गोलाईला दांडीचा टाका चांगला वळतो, ठसठशीत हवं तिथे साखळी टाका. भरताना गोल रिंग लाव आणि काम थांबवलंस की काढून ठेव, नाहीतर कापडावर तिचा वळ पडतो.

राहता राहिला वेळेचा प्रश्न. दिवाळीला सव्वा महिना उरलाय आणि तुझी यादी पाच कामांची. ती सगळी होणार नाहीत, आणि घाईनं झाली तर त्यांत तुझा थकवाच जास्त दिसेल. एकच निवड. माझं ऐकशील तर आबांचं पांघरूण. थंडी कार्तिकात सुरू होईल, माप लहान आहे, आणि पहिल्या कामात हाताला वळण लागायलाही ते सोपं आहे. दिवाळीत ते घेऊन ये, त्यांच्या गुडघ्यांवर घाल आणि मग जवळ बसून लुगड्यांचं विचार. बाळाचं, मैत्रिणीचं, मामीचं आणि भावंडांचं एकेक करून वर्षभरात होईल. बारसं, लग्न, वाढदिवस ज्याच्या त्याच्या वेळेला येतोच. यादीतल्या सगळ्यांना एकाच दिवशी काहीतरी मिळण्यापेक्षा प्रत्येकाला त्याच्या दिवशी त्याच्यासाठीच केलेलं मिळू दे.

काम करताना काही अडलं तर फोटो पाठव, मी लगेच बघेन. जेवणाखाण्याची आबाळ करू नकोस आणि रात्री कमी उजेडात भरतकाम करू नकोस.

तुझी,
मावशी