नाताळचें भेटपत्र घरींच करावें

सन १८४३ सालीं लंडनांत हेन्री कोल यांनीं हॉर्सली नामक चित्रकाराकडून नाताळचें भेटपत्र काढवून छापविलें. त्याची किंमत एक शिलिंग होती. मजुरास ती परवडण्याजोगी नव्हती. आपणांस मात्र जाड कागद, कातर व खळ एवढें पुरे.

घरीं केलेलीं बहुतेक पत्रें घडीपाशींच फुटतात, व दूरच्या आप्तास पोहोंचतात तीं दुभंगून. याचें कारण असें कीं, यंत्रावर केलेल्या कागदाचे तंतू बहुधा एकाच दिशेस निजलेले असतात. म्हणून कागद आधीं उभा व मग आडवा, हलकेच वांकवून पाहावा. ज्या रीतीनें तो कमी अडेल, तिकडेच घडी घालावी. पट्टी धरून विणकामाच्या सुईच्या बोथट टोंकानें तेथें रेघ दाबावी, मगच मोडावें.

आतां मिटलेल्या घडीच्या कडेवरून आंत दोन सारखे काप द्यावे, व मधली पट्टी उलट मोडून आंत ढकलावी. पत्र काटकोनांत उघडतांच एक पायरी उभी राहते. तिच्या दर्शनी बाजूस तारा चिकटवावा. चमकी मुलांस फार प्रिय. आम्हांस साधा पतंगी कागदच बरा वाटतो. खळ दाटच असावी, पातळ खळीनें कागद फुगतो. शेवटीं बाहेरून दुसरा कागद लावावा, नाहींतर कापाचें भोंक दिसतें. तो पायरीस मात्र चिकटूं देऊं नये.