हळदीकुंकवाची इथली बहीण

अगं, आईकडून हळदीकुंकवाच्या बिया आणायचा बेत रद्द कर. एक तर परवानगी नसेल तर विमानतळावर काढून घेतात, आणि आणल्यास तरी न्यू जर्सीच्या पहिल्या कडक थंडीत ते झाड संपणार. त्यापेक्षा त्याची इथली बहीण लाव, बटरफ्लाय वीड. तसेच झुबके, नुसते नारिंगी. उंची दोनेक फूट, आणि बर्फाखाली पाला गेला तरी मूळ शाबूत. रुईच्या कुळातलं असून पान तोडल्यावर पांढरा चीक येत नाही, याची मला अजून गंमत वाटते.

रोप घेणार असशील तर लेबल वाच. ॲस्क्लेपियास ट्यूबरोझा हवं. ‘क्युरासाव्हिका’ लिहिलं असेल तर ते आपलं हळदीकुंकूच, ठेवून दे. बियांपासून करायचं तर नोव्हेंबरात सरळ जमिनीत पेर. थंडी सोसल्याशिवाय ते बी नीट उगवत नाही. लोक ओल्या टिश्यूत गुंडाळून महिनाभर फ्रीजमध्ये ठेवतात, पण तुझ्या फ्रीजमध्ये जागा कुठाय?

जागा मात्र विचार करून ठरव. सोटमूळ खोल जातं, मग हलवलेलं खपत नाही. दिवसभर ऊन आणि निचऱ्याची, रेताड माती, म्हणजे तुझ्या ड्राइव्हवेच्या कडेचा उतार. खत नको. पहिला उन्हाळा पाणी घाल, मग विसरून जा. तुळशीसारखी रोज विचारपूस केलीस तर मूळ कुजेल. फूल येईल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. आणि हो, वसंतात सगळं अंगण हिरवं झालं तरी हे बेटं मे उजाडेपर्यंत डोकं वर काढत नाही. आधीच्या शरदात तिथं काठी रोवून ठेव, नाहीतर मेलं समजून तूच खुरपं चालवशील.

मोनार्क फुलपाखराच्या अळ्या पानं खातील, खाऊ देत. खरं सांगायचं तर त्यांना याच्यापेक्षा स्वॅम्प मिल्कवीड जास्त आवडतं. मागच्या ओलसर, चिकण कोपऱ्यात तेही लाव. पिवळा मावा पडला तर पाण्याचा जोराचा फवारा मार, औषध नको, अळ्या मरतील.

शेंगा तडकायच्या आधी त्यांना दोरा बांध. म्हाताऱ्या उडायला लागल्या की पोरं नाचतील, पण बी जाईल शेजाऱ्याच्या लॉनमध्ये. आणि तो लॉनच्या बाबतीत कसा आहे, हे तूच मला सांगितलंयस.