आईचा घोटा आणि एकवीस प्रश्न

मेट्रॉलॉजीच्या लॅबमध्ये व्हर्नियर हातात आला की आपण आधी झीरो एरर बघतो. पण पायाचं ऑपरेशन यशस्वी झालं हे कशाने मोजायचं, हा प्रश्न मला गेल्या वर्षापर्यंत पडला नव्हता.

आमचं घर बदलापूर पूर्वेला, शिरगावात. तिसरा मजला, लिफ्ट नाही. जुलैच्या पावसात आई भाजी घेऊन येताना घसरली आणि घोटा मोडला. प्लेट बसली, स्क्रू बसले. नोव्हेंबरात तपासणीला गेलो तेव्हा काउंटरवर एक इंग्रजी फॉर्म हातात दिला. नंबर यायला वेळ होता, म्हणून आईला न विचारताच मी तो भरून टाकला. डॉक्टर एक्स-रे पाहून म्हणाले, "हाड उत्तम जुळलंय." माझे आकडेही तेच सांगत होते.

हा फॉर्म म्हणजे 'फूट अँड अँकल अ‍ॅबिलिटी मेझर', 2005 साली प्रसिद्ध झालेला. रोजच्या हालचालींचे 21 प्रश्न, खेळाचे 8 वेगळे. काहीच त्रास नसेल तर 4, जमतच नसेल तर 0. 'लागू नाही' हाही पर्याय असतो. मिळालेल्या गुणांना उत्तर दिलेल्या प्रश्नांच्या कमाल गुणांनी भागायचं आणि शंभराने गुणायचं. माझ्या हिशेबाने आई 84 पैकी 63, म्हणजे 75.

याआधी 1994 पासून अमेरिकन ऑर्थोपेडिक फूट अँड अँकल सोसायटीची 100 गुणांची पद्धत फार चालायची. घोट्यासाठी वेदनेला 40, कामाला 50, पायाच्या ठेवणीला 10. त्यातला काही भाग डॉक्टरच भरणार. वेदनेचे गुण फक्त 40, 30, 20 किंवा एकदम 0! असमान खुणांची पट्टी आपल्या वर्कशॉपमध्ये कोणी चालू दिली असती का? पुढे त्या संस्थेनेच या पद्धतीचा पाठपुरावा सोडला. असो.

संध्याकाळी घरी आईला प्रश्न वाचून दाखवले. प्रत्येकाला एकच उत्तर, "बरं आहे रे." मुलगा विचारतोय म्हटल्यावर ती दुसरं काय सांगणार? मग प्रश्न मराठीत लिहून पेन्सिल तिच्या हातात दिली आणि मी बाहेर जाऊन बसलो. 'जिना उतरणे' यापुढे तिने 1 लिहिला होता. कठडा धरून, आडवी होऊन, एकेक पायरी दोन्ही पाय टेकवत ती उतरते, हे मी शनिवार-रविवार घरी येऊनही पाहिलं नव्हतं. एक प्रश्न तिने सोडला. उरलेल्या 20 प्रश्नांत 80 पैकी 46, म्हणजे 57.5.

आता 75 आणि 57.5 यातला फरक किती मोठा? एका प्रश्नात एक पायरी सरकली तर शंभरात साधारण 1.2 गुण हलतात. हा झाला लीस्ट काउंट. पण रुग्णाला जाणवेल असा बदल या फॉर्ममध्ये साधारण 8 गुणांचा धरतात, म्हणजे सात पायऱ्या. माझी चूक त्याच्या दुपटीहून मोठी होती.

अर्थात माझं भाषांतरही कच्चंच. नियमाने दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचं, ते जुळवायचं, मूळ फॉर्म न पाहिलेल्यांनी ते परत इंग्रजीत न्यायचं, समितीने तपासायचं आणि मग तीस-चाळीस रुग्णांवर करून पाहायचं. तेव्हा कुठे भाषेतलं कॅलिब्रेशन पूर्ण होतं. मी हे सगळं चहाच्या एका कपात उरकलं होतं.

कागद परत देताना आईने विचारलं, "मांडी घालून बसता येतं का, हे यात कुठे आहे?" शोधलं. उकिडवं बसणं आहे, अनवाणी चालणंही आहे, मांडी नाही. गणपतीत ती पूर्ण वेळ खुर्चीवर होती. आता संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जमिनीवर बसायचं तिच्या मनात होतं. मी म्हटलं, "मग तूच लिही." तिने मागच्या बाजूला बाविसावा प्रश्न लिहिला आणि पुढे 0.

पुढच्या खेपेला तो कागद नेला. डॉक्टरांनी मागची बाजू आधी वाचली, तिला टेबलावर बसवून घोटा दोन्ही बाजूंना वळवून पाहिला आणि व्यायामाच्या यादीत दोन नवे प्रकार लिहून दिले.